गुणिले शंभर

शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मराठी मुलाबरोबर दोन गोष्टी न चुकता जातात. एक कुकर आणि दुसरा गुणाकार. कुकरला निदान वजन असते. विमानतळावर बॅग जड भरली तर 'कुकर ठेवू की लोणचे' असा निर्णय घेता येतो. गुणाकाराला वजन नाही. तो कुठल्याही यंत्रात दिसत नाही आणि कस्टमवाला त्याला हात लावत नाही. मुलगा तिकडे उतरतो, पाण्याची बाटली उचलतो, किंमत वाचतो, शंभराने गुणतो आणि बाटली खाली ठेवतो. एक युरो म्हणजे सुमारे शंभर रुपये हा भाव गुणाकाराला फारच सोयीचा पडला आहे. नुसती दोन शून्ये चिकटवायची. पण त्या क्षणी तो मुलगा युरोपात पोचलेला नसतो. तो अजून डोंबिवलीतच असतो. फक्त तहानलेला असतो.

या गुणाकाराविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी बँकेतला माणूस असून करतो आहे. बाटलीपुरता गुणाकार मला मान्य आहे. पण हीच दोन शून्ये जेव्हा संध्याकाळी चार मित्रांबरोबर बाहेर बसण्याला चिकटवली जातात, तेव्हा तो हिशेब राहत नाही, ती शिक्षा होते. आणि शिक्षा भोगणारा पोरगा साता समुद्रांपलीकडे एकटा असतो, म्हणून ती कोणाला दिसत नाही.

माझा भाचा विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका सत्रासाठी इटलीत बोलोन्याला गेला होता. मे महिन्यात त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. दगडी चौक, आठ मुलेमुली जमिनीवर मांड्या ठोकून बसलेली, मध्ये कागदावर पाव, चीज आणि ओळखीचा वाटणारा पातळ पोह्यांचा चिवडा, भोवती पाच-सहा पेले. सगळे हसत होते. फोटो आमच्याकडे पोचला रात्री दीड वाजता. झाले! सकाळी नानांनी (हे माझ्या मेव्हण्यांचे थोरले बंधू, पाटबंधारे खात्याच्या हिशेब विभागातून निवृत्त) पहिली तोफ डागली : "रात्री दीड वाजता बाहेर?" वास्तविक उन्हाळ्यात इटलीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. तिथे तेव्हा दहा वाजले होते. पण नानांकडे गुणाकाराच्या जोडीला बेरीजही आहे. मग त्यांनी पेले मोजले, पेल्याला पाच युरो धरले, शंभराने गुणले आणि निकाल दिला, "शिकायला पाठवलाय की बसायला?"

आता 'बसणे' हे मराठीतले मोठे बिचारे क्रियापद आहे. माणूस अभ्यासाला बसतो, परीक्षेला बसतो, पूजेला बसतो, उपोषणाला बसतो. तोवर ते सोवळ्यात असते. पण 'काय, आज बसायचं का?' म्हटले की तेच क्रियापद एकदम डोळा मारते. ती पोरे पहिल्या अर्थाने बसली होती. म्हणजे खाली. दगडावर. नानांनी ती दुसऱ्या अर्थाने बसवली. आणि एकदा त्या अर्थाने बसवल्यावर ताईने बिचारीने मुलाला फोन करून विचारले, "अरे, खर्च जपून करतोस ना?" पुढचे दोन आठवडे ग्रुपवर फोटो आला नाही. नानांना वाटले, पोरगा सुधारला. मला कळले, पोरगा सावध झाला. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि आईबापांनी तो वेळीच ओळखलेला बरा.

मुळात नानांना हे कोणी सांगितलेले नाही, की ज्या गावात ही मुले बसली होती ते गाव अशाच बसणाऱ्यांनी मोठे केले. बोलोन्याचे विद्यापीठ आपला जन्म १०८८ सालचा सांगते. तेव्हा ना इमारत होती, ना कुलगुरू, ना ना-हरकत प्रमाणपत्र. गावोगावहून, आल्प्स डोंगर ओलांडून कायदा शिकायला आलेली परकी मुले होती. परक्या गावात घरमालक लुबाडतो, व्यापारी लुबाडतो, हे पाहून ती मुले एकत्र बसली. त्यांनी आपापल्या मुलखाप्रमाणे मंडळे काढली आणि त्या मंडळांच्या संघाला नाव पडले 'उनिवेर्सितास'. म्हणजे ज्याला आज आपण युनिव्हर्सिटी म्हणून हात जोडतो, तो मुळात परगावच्या पोरांचा अड्डाच! अभ्यासक्रम नंतर आला, आधी बैठक आली.

आणि काय त्या पोरांचा दरारा! मास्तरांना नेमणारे हेच, पैसे देणारे हेच. चौदाव्या शतकातल्या नियमावलीप्रमाणे घंटेला तास सुरू केला नाही तर प्राध्यापकाला दंड. घंटेनंतर रेंगाळला तरी दंड. तासाला पाच विद्यार्थीही जमले नाहीत तर तो गैरहजर समजून दंड. गाव सोडून बाहेर जायचे असेल तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम ठेवायची. अनामत! हे वाचल्यापासून माझा त्या विद्यार्थ्यांविषयीचा आदर दुणावला आहे. आमच्या शाखेलाही हे सुचलेले नाही.

त्याहून थोर गोष्ट म्हणजे कर्जाची. त्या काळी रीत अशी होती, की एका मुलखाचा माणूस कर्ज बुडवून पळाला, तर सावकाराने त्याच्या मुलखाचा जो कोणी हाती लागेल त्याला धरावे. म्हणजे समजा, सांगलीचा कोणी पैसे बुडवून पसार झाला, तर बोलोन्यात शिकणाऱ्या सांगलीच्या पोराची पुस्तके जप्त! सही न करताच जामीनदार. बाराव्या शतकाच्या मध्यावर फ्रेडरिक बार्बारोसा या सम्राटाने फर्मान काढून हा जुलूम विद्यार्थ्यांपुरता बंद केला. शिकण्यासाठी जो आपला देश सोडून परका झाला आहे, त्याला संरक्षण द्यायला हवे, अशी त्यामागची समजूत होती. सम्राटाला जे समजले ते नानांना समजू नये? परक्या देशात शिकणारा मुलगा हा मुळातच उघड्यावरचा असतो. त्याला छप्पर कशाचे? तर चार माणसांचे.

छपरावरून आठवले. बोलोन्यात रस्त्याच्या कडेने कमानींचे झाकलेले पदपथ आहेत, सगळे मिळून सुमारे ६२ किलोमीटर. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. गावात माणसे वाढली, त्यांत विद्यार्थीही वाढले, राहायला जागा पुरेना. तेव्हा घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, खाली खांब दिले, आणि खालून लोकांना चालायला वाट ठेवली. आपल्याकडे गॅलरी बंद करून खोली काढतात तोच प्रकार. फरक इतकाच की त्यांच्या वाढीव बांधकामाला वारसा म्हणतात आणि आपल्याला नोटीस येते. भाचा सांगत होता, की पाऊस असला तरी छत्री न घेता ही मंडळी कमानींखालून गप्पा मारत निम्मे गाव पालथे घालतात. खर्च शून्य युरो. शून्याला शंभराने गुणून पाहा, नाना.

आता प्रत्यक्ष त्या संध्याकाळी होते तरी काय? आपली कल्पना अशी, की परदेशातली रात्र म्हणजे लाल-निळे दिवे, धूर आणि नाच. (ही कल्पना आपल्याला हिंदी सिनेमाने दिली, आणि सिनेमावाले तिकडे फक्त दिवसा चित्रीकरणाला जातात.) प्रत्यक्षात रात्र अशी असते : आठच्या सुमारास कोणीतरी निरोप टाकतो, 'चौकात.' साडेआठपर्यंत चार जण येतात, नऊपर्यंत आठ. घाई कोणालाच नसते. पियात्सा माज्जोरे नावाचा मोठा चौक आहे. समोर सान पेत्रोनिओचे भव्य चर्च, १३९० साली बांधायला घेतलेले. दर्शनी भागाला खालून निम्म्यापर्यंत संगमरवर, वर नुसत्या विटा. सहाशे वर्षे झाली, काम पुरे झालेले नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्याची आठवण येऊन भाच्याला तिथे एकदम घरच्यासारखे वाटले. याच चौकात उन्हाळ्यात मोठा पडदा उभारून रात्री फुकट सिनेमे दाखवतात. आपल्या गणपतीत गल्लीत पडदा लावून दाखवायचे तसे. फक्त पडद्याच्या मागल्या बाजूने बघणारे कोणी नसतात.

गावात एक जुना गुत्ता आहे, ओस्तेरिया देल सोले, १४६५ पासूनचा म्हणतात. तिथे प्यायला मिळते, खायला मिळत नाही. खाणे आपले आपण आणायचे. आपल्याकडे हॉटेलात 'बाहेरचे पदार्थ आणू नयेत' अशी पाटी पाहत आमचे आयुष्य गेले. इथे बाहेरचेच आणा म्हणतात! साडेपाचशे वर्षे डब्याची सोय असलेले हॉटेल मराठी माणसाला सापडू नये आणि इटालियनाने ते चालवावे, याला काय म्हणावे? तर तिथे एकाने बाजारातून चीज आणायचे, एकीने पाव, तुर्कस्तानच्या मुलाने ऑलिव्ह, आणि आमच्याने ताईने पाठवलेला चिवडा. पोर्तुगालच्या मुलीने चिवडा काट्याने खायचा प्रयत्न केला, तेव्हा भाच्याने तिला बकाणा भरायला शिकवला. याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणत नसतील तर मग कशाला म्हणतात? 'विनिमय' या शब्दाचा अर्थच देवाणघेवाण आहे. दिवसभर तास आणि संध्याकाळी खोलीला आतून कडी, हा विनिमय नव्हे. ही मुदत ठेव झाली.

बोलणे कोणत्या भाषेत? सगळ्यांच्याच मोडक्या. हा मोठा फायदा. अस्सल इंग्रज टेबलावर असला की आपल्या तोंडातले इंग्रजी आधी व्याकरण तपासून मगच बाहेर येते. इथे सगळेच लंगडे, म्हणून सगळेच पळतात. पोलंडची मुलगी क्रियापद विसरते, स्पेनचा मुलगा ते हाताने करून दाखवतो. विषय म्हणाल तर घरभाडे, शिष्यवृत्तीचे न आलेले पैसे, आज्यांची औषधे, सैन्यात जावे लागलेले भाऊ. वर्गात 'तुर्कस्तानची अर्थव्यवस्था' हा धडा दोन तासांचा असेल. पण लिरा घसरली म्हणजे काय होते, हे भाच्याला कळले ते त्या तुर्की मुलाकडून. तो प्रत्येक पेल्याला गुणत होता, आणि त्याचा गुणक दर महिन्याला वाढत होता! तेव्हा कळले, की गुणाकार हा काही एकट्या मराठी माणसाचा आजार नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून ठराव केला : आठ वाजल्यानंतर गुणायचे नाही. जो गुणताना सापडेल त्याने सगळ्यांना आईस्क्रीम द्यायचे. इतका शहाणा अर्थसंकल्पीय ठराव मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

बिलाचेही सांगतो, कारण नानांचा खरा जीव तिथे अडकला आहे. इटलीत बिल डोक्यांनी भागायचे याला 'रोमन पद्धत' म्हणतात. इंग्रज त्यालाच डचांच्या नावावर खपवतो. आपली पोरे 'टीटीएमएम' म्हणतात. तुझं तू, माझं मी. डोक्यांनी भागल्यावर भाच्याच्या वाट्याला कधी तीन युरो येत, कधी चार. गुणा हवे तर. चारशे रुपये. नाना, गेल्या वर्षी तुमच्या साठीशांतीला नव्हे, नुसत्या तिच्या निमंत्रणपत्रिकांना किती आले, ते मी चेक वटवताना पाहिले आहे.

आता समोरच्या बाजूचेही ऐकले पाहिजे. आईबाप कर्ज काढून पाठवतात, त्याचे काय? हे मी हसण्यावारी नेणार नाही. शैक्षणिक कर्जाच्या फायली मी रोज पाहतो. बापाची सही करताना जरा थांबणारी लेखणी मी पाहिली आहे. पण त्याच फायलीतला खर्चाचा तक्ता पाहा. फी, वसतिगृह, पुस्तके, प्रवास, संगणक, विमा, सगळ्यांना रकाने आहेत. सोबतीला रकाना नाही. म्हणून आपण समजतो, की तो खर्चच नाही, ती उधळपट्टी आहे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, की खर्च दोन प्रकारचे : महसुली आणि भांडवली. आज केला आणि आज संपला तो महसुली, ज्याचा उपयोग वर्षानुवर्षे पुरतो तो भांडवली. परदेशात चार माणसे जोडण्याचा खर्च आपण वीजबिलाच्या शेजारी लिहितो, ही हिशेबातली ढोबळ चूक आहे. उलट, घेतलेल्या लॅपटॉपवर दरवर्षी घसारा लावावा लागतो. मैत्रीवर लागत नाही.

दाखला हवा? १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर. महिना साडेअकरा पौंड. अभ्यासाच्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नाही. तिथे वसतिगृहात त्यांना नवल भथेना हे पारशी विद्यार्थी भेटले आणि जन्माचे मित्र झाले. पुढे लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले होते. १९२० साली ते पुरे करायला निघताना शाहू महाराजांच्या मदतीबरोबर याच भथेनांनी कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये होते. आमच्या बँकेच्या अर्जावर त्या कर्जाला तारण काय लिहिले असते? 'एकाच वसतिगृहात राहिलो.' कोणता मॅनेजर मंजूर करील? मित्राने केले.

दुसरा आक्षेप पेल्यांचा. भाच्याच्या पेल्यात लिंबाचे सरबत होते की आणखी काही, हे मी विचारले नाही. एकवीस वर्षांच्या भाच्याला मामाने विचारायचे प्रश्न वेगळे असतात. जो रोज झिंगून पडतो त्याचे समर्थन मी करत नाही; पण त्याचा दोष बसण्यात नाही, वेळेवर न उठण्यात आहे. तशी माणसे त्यासाठी इटलीला जात नाहीत. आमच्या स्टेशनाबाहेर त्यांची उत्तम सोय आहे.

तिसरा आक्षेप : मजा करून आलेल्याला कोण विचारतो? त्याला तर इतिहासच आहे. सोफिया कोर्राडी नावाची रोमची विद्यार्थिनी शिष्यवृत्तीवर याच कोलंबिया विद्यापीठात कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ साली परतली. रोमच्या विद्यापीठाने ते शिक्षण जमेस धरायला नकार दिला. वर तिथल्या अधिकाऱ्याने तिला झापले, अमेरिकेत भटकून येता आणि वर पदवी मागता, अशा अर्थाचे. म्हणजे नानांची शाखा रोमलाही होती! बाई चिडल्या. आणि नुसत्या चिडल्या नाहीत, पुढली तीसेक वर्षे पाठपुरावा करत राहिल्या. १९८७ साली युरोपात 'एरास्मुस' योजना सुरू झाली : परक्या देशात जा, शिका, ते घरच्या पदवीत धरले जाईल. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आता आकडा कोटीच्या पलीकडे गेला आहे. इटलीत कोर्राडीबाईंना 'मम्मा एरास्मुस' म्हणत. खिडकीमागच्या एका माणसाच्या टोमण्यातून एवढे उभे राहिले. मीही खिडकीमागेच बसतो, म्हणून तेव्हापासून गिऱ्हाइकाशी जरा जपून बोलतो.

पण या सगळ्यात मला खरी बोचलेली गोष्ट निराळीच आहे. त्या फोटोत आठ जण होते, पण त्या रात्री चौकात नऊ जण होते. नववी पुण्याची मुलगी. ती फोटोत नाही, कारण फोटो तिने काढला. भाचा म्हणाला, "मामा, दर वेळी तीच काढते." हे हौसेने नव्हे. रात्री, बाहेर, मुलांबरोबर, समोर पेले, असा फोटो तिच्या घरी पोचला असता तर तिथे गुणाकार शंभराने झाला नसता. त्या गुणाकाराला आकडाच नाही. मुलाला निदान 'जपून खर्च कर' एवढेच ऐकावे लागते. तिला स्वतःच्या आयुष्यातल्या बहुधा सर्वांत चांगल्या संध्याकाळी कॅमेऱ्यामागे उभे राहावे लागले. उद्या ती म्हातारी होईल, नातवंडे विचारतील, 'आजी, यात तू कुठे?' तेव्हा ती काय सांगणार?

आणि जी मुले कॅमेऱ्यामागेही उभी राहत नाहीत, घराबाहेरच पडत नाहीत, त्यांचे काय होते तेही मी पाहिले आहे. कर्ज घेऊन जर्मनीत दोन वर्षे शिकून आलेला एक मुलगा हप्त्यांची चौकशी करायला आला होता. उत्तम गुण. एक पैसा वाया घालवला नव्हता, असे वडील अभिमानाने सांगत होते. मी सहज विचारले, "तिकडे मित्र कोण कोण झाले?" तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "तूरडाळ मिळायची त्या दुकानातला माणूस चांगला होता." वडील हसले. मुलगा हसला नाही. मीही हसलो नाही.

जूनमध्ये भाच्याला रात्री दोन वाजता सडकून ताप चढला. ताईने फाइलीत नीट लावून दिलेले विम्याचे कागद होते, पण विम्याचे कागद टॅक्सी बोलावत नाहीत. टॅक्सी बोलावली त्या तुर्की मुलाने, आणि इस्पितळातल्या बाकावर सकाळपर्यंत बसून राहिला तोच. भाडे देताना त्याने लिरांत गुणले असेलच. आठ वाजून गेले होते तरी. पण दिले. नाना, त्या टॅक्सीचे पैसे कोणत्या खात्यात लिहू? फोटोतल्या पेल्यांच्या की त्याच्या समोरच्या?

तेव्हा मुलाला, आणि मुलीलाही, परदेशी पाठवणाऱ्या तमाम आईबापांना एका कारकुनाची सूचना आहे. खर्चाच्या तक्त्यात फी, जेवण, प्रवास, विमा यांच्याखाली एक ओळ आपल्या हाताने वाढवा : 'बसणे, दरमहा ४० युरो.' रक्कम युरोतच लिहा, समोर रुपये लिहू नका. महिनाअखेर ही रक्कम शिल्लक राहिलेली दिसली, तर शाबासकी देऊ नका. फोन करा आणि विचारा, "काय रे, बरा आहेस ना?"